खबर कळते, विचारपूस राहून जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंच्या मित्रयादीत आठशेच्या वर माणसे आहेत, शाळेचा, कॉलेजचा आणि ऑफिसचा असे ग्रुप आहेत आणि दिवसभर काही ना काही बोलणे चालू असते. आईला अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले तेव्हा त्यांनी स्टेटस टाकले. शंभरावर लोकांनी जोडलेल्या हातांची चिन्हे आणि ‘काळजी घे’ असे पाठवले. परंतु रात्री अतिदक्षता विभागाबाहेर बसल्या असताना जिला फोन करावा असे एकही नाव त्यांना सुचेना. जिच्याकडून फोन येईल असे वाटत होते त्या जुन्या मैत्रिणीने स्टेटस पाहिल्याचे यादीत दिसत होते, आणि तरीही ती गप्प राहिली. तेव्हापासून दोघींत अबोला आहे. हे समाजमाध्यमांमुळे झाले का आणि सगळी खाती बंद केली तर पूर्वीची मैत्री परत येईल का, असे त्या विचारतात.

थेट उत्तर आधी देते. खाती बंद केल्याने तुमचा वेळ वाचेल, मनही कदाचित थोडे शांत होईल. पण तेवढ्याने मैत्रीण परत येणार नाही. या माध्यमांनी आमची मैत्री मोडली, असे समुपदेशनासाठी येणारे बरेच जण म्हणतात. त्यांच्या हकिकती नीट ऐकल्या की मला निराळेच काही दिसते. एकमेकांची खबर न विचारता मिळू लागली, त्यामुळे विचारण्याचे निमित्तच संपले, आणि विचारणे बंद पडल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. मैत्री झिजत होती, पण रोज फोटो दिसत असल्यामुळे ती शाबूत आहे असा दोन्हीकडे समज होता. संकट आले तेव्हा तो उघडा पडला. तुमच्या बाबतीत हेच घडले असावे, असे मला वाटते.

आधी त्या आठशेंचा हिशेब पाहू. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असे मांडले की माणूस साधारण १५० जणांशीच खऱ्या अर्थाने ओळखीचे नाते सांभाळू शकतो. या १५० मध्येही थर असतात: अगदी जवळचे पाचेक, त्याबाहेर पंधरा, मग पन्नास. नेमक्या आकड्यांवर संशोधकांत वाद आहेत आणि ते असणारच. पण थरांची कल्पना रोजच्या अनुभवाशी जुळते. समाजमाध्यमांमुळे ही मर्यादा वाढली का, हे डनबर यांनीच २०१६ मध्ये तपासले, तेव्हा फेसबुकवरील मित्रांपैकी खऱ्या अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल अशांची सरासरी संख्या चारच्या आसपास निघाली. यादी कितीही लांबली तरी आतले वर्तुळ तेवढेच राहते. तेव्हा आठशेंतून कोणीच कसे नाही, असे म्हणून स्वतःला किंवा त्या आठशेंना दोष देण्यात अर्थ नाही. फार तर चार-पाच जण असायला हवे होते आणि ते का नव्हते, एवढाच प्रश्न उरतो.

ते चार-पाच टिकवायला वेळ लागतो, आणि तो वेळ कशाने भरलेला आहे यालाही महत्त्व असते. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की नुसत्या ओळखीचे जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावे अशा नात्याला ९० च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. या माध्यमांनी नाते जोडण्याची क्रिया एका बोटाच्या स्पर्शावर आणली, पण सहवासाचे तास काही कमी झाले नाहीत. शिवाय सख्खी मैत्रीण, जुन्या ऑफिसातला ओळखीचा माणूस आणि प्रवासात भेटलेले कोणी, या सगळ्यांना पडद्यावर एकसारखी जागा आणि ‘मित्र’ हे एकच नाव मिळते. कोण कुठल्या थरात आहे हे आपण मनात राखून असतो, अशी आपली समजूत असते. पण दिवसातला बराचसा वेळ सर्वांना एकाच रांगेत पाहण्यात गेला की ते भान हळूहळू सुटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा कोणाचे काय चालले आहे हे कळण्यासाठी त्या व्यक्तीच्या पानावर मुद्दाम जावे लागत असे. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आले आणि सर्वांच्या हालचाली आपसूक समोर येऊ लागल्या. त्या वेळी वापरणाऱ्यांनी मोठ्या संख्येने विरोध केला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. २००९ मध्ये लाइकचे बटण आले आणि समोर आलेल्या बातमीला उत्तर म्हणून शब्दांचीही गरज उरली नाही. या दोन गोष्टींनी मैत्रीतल्या बोलण्याचा क्रम बदलला, असे माझे मत आहे. पूर्वी ‘कशी आहेस?’ या प्रश्नातून बातमी कळत असे आणि ती सांगताना आवाज, थांबणे, टाळाटाळ हेही ऐकू येई. आता बातमी आधी येते आणि प्रश्न विचारणे अनावश्यक वाटू लागते. मैत्रिणीने घर बदलले, तिच्या मुलाने शाळेत बक्षीस मिळवले, ती कुठे फिरायला गेली, हे सगळे आपल्याला ठाऊक असते. तिला झोप लागते का, घरात बोलणे होते का, हे ठाऊक नसते, कारण त्याचे फोटो कोणी टाकत नाही.

सर्वांसाठी टाकलेला मजकूर आणि एकासाठी लिहिलेला मजकूर यांतला फरक अभ्यासातही दिसला आहे. मॉइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांनी २०१६ मध्ये सुमारे १,९०० फेसबुक वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी, चार शब्द जुळवून लिहिलेला मजकूर मिळाला तर मनःस्वास्थ्य सुधारल्याचे त्यात आढळले. नुसते लाइक किंवा सर्वांना उद्देशून टाकलेल्या मजकुराचे वाचन यांचा तसा परिणाम दिसला नाही. बर्क या अभ्यासाच्या वेळी स्वतः फेसबुकमध्ये संशोधक होत्या, तेव्हा वाचकाने थोडे सावध राहावे हे ठीक. पण हा निष्कर्ष कंपनीच्या सोयीचा आहे असेही म्हणता येत नाही, कारण लाइकचे बटण हा तिच्या सगळ्या व्यवहाराचा कणा होता.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील गेल्याचे त्यांनी जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कळवले होते. बोलता बोलता त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच वाचा. पहिल्याने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिले होते. खालच्या तिघा-चौघांनी तेच लिहिले, एकाने त्यात ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ अशी भर घातली आणि त्यापुढच्या सर्वांनी ते लांबलेले वाक्य, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट, जसेच्या तसे चिकटवले होते. दोन-तीन तासांनी कोणी तरी क्रिकेटच्या निकालावरचा विनोद टाकला होता, त्यावर हसणारी चिन्हे होती, आणि त्या चिन्हांच्या मधेच उशिरा जाग आलेल्या एकाची श्रद्धांजली होती. गृहस्थ रागावलेले नव्हते. ते म्हणाले, ‘यांच्यापैकी चौघे आमच्या घरी जेवलेले आहेत, वडील त्यांना नावाने हाक मारत. त्यांनी हे लिहिले नसते तर मला वाटले असते की त्यांना कळले नाही. आता कळूनही आले नाहीत, असे झाले.’

त्या चौघांपैकी एकालाही आपण काही चुकीचे केले असे वाटले नसणार. ग्रुपवर लिहिले म्हणजे कर्तव्य झाले, असे त्यांच्या मनाने मानले. मदतीची वेळ असते तेव्हा आजूबाजूला जितकी माणसे जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव पातळ होते, हे मानसशास्त्रात १९६० च्या दशकापासून माहीत आहे. पडद्यावर तर ही गर्दी मोजूनच दिसते. तुमच्या मैत्रिणीने स्टेटस पाहिले तेव्हा, तुमच्याभोवती एवढी माणसे आहेत, त्यांच्यात माझी काय गरज, असे तिला वाटले असण्याची शक्यता मी मोठी धरते. आणखीही एक शक्यता आहे. ही बातमी आपल्याला वेगळी सांगितली नाही, सगळ्यांबरोबरच कळली, याचेच तिला लागले असेल. जवळच्या माणसाला स्टेटसवरून कळणे म्हणजे आपण जवळचे उरलो नाही असे कळणे, असा अर्थ पुष्कळ लोक लावतात. तुम्ही तिच्या फोनची वाट पाहत होतात. ती कदाचित तुमच्या फोनची वाट पाहत होती.

आणि ‘तिने पाहिले होते’ याला तुम्ही जे महत्त्व देत आहात, त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका, म्हणजे संदेश वाचला गेल्याच्या खुणा, आणल्या. स्टेटस कोणी पाहिले याची यादी पुढे आली. या सोयींमुळे मौनाला पुरावा मिळाला. उत्तर न येणे पूर्वीही होतेच, पण त्या वेळी पत्र पोचले नसेल, निरोप राहिला असेल, असे मनाला समजावता येई. आता निरोप पोचल्याची वेळ मिनिटापर्यंत दिसते, त्यामुळे उरतो तो एकच अर्थ: तिने मुद्दाम उत्तर दिले नाही. प्रत्यक्षात स्टेटस एकामागून एक आपोआप सरकतात. बोट लागले की पाहिल्याची नोंद होते, आणि रांगेत उभे असताना वाचलेला संदेश घरी गेल्यावर उत्तर देऊ म्हणून राहूनही जातो. यंत्राची नोंद फक्त एवढेच सांगते की तो मजकूर त्या पडद्यावर उमटला. मनात काय उमटले, ते त्या नोंदीला कळत नाही.

लेखी शब्दांचेही तसेच. ‘तुला वेळ असेल तर ये’ हे वाक्य घ्या. समोरासमोर ते काळजीने म्हटले आहे की टोमणा म्हणून, हे क्षणात कळते. पडद्यावर ते वाचणाऱ्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीचा रंग घेते, आणि नाते आधीच ताणलेले असेल तर बहुधा टोमण्याचाच. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेल याची लिहिणाऱ्यांना भरपूर खात्री होती. वाचणाऱ्यांचे उत्तर मात्र नाणे उडवून मिळेल त्याहून फारसे बरे नव्हते. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज घुमत असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही तो ऐकू येतो असे त्याला वाटत राहते. संदेशांवरून पेटलेल्या भांडणांत मी दोघांनाही तो मजकूर एकमेकांसमोर मोठ्याने वाचायला लावते, आणि पुष्कळदा अर्ध्यातच एकजण थांबून ‘हे मी असे म्हटलेच नव्हते’ म्हणतो.

आवाजाला पर्याय नाही, असे मी म्हणते ते जुन्या वळणाची आहे म्हणून नव्हे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शाळकरी वयाच्या मुलींना ताण येईल असे काम दिले आणि मग काहींना आईला भेटू दिले, काहींना फोनवर बोलू दिले, काहींना फक्त संदेशांतून संवाद करू दिला, तर काहींना आईशी संपर्कच दिला नाही. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातील ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक खाली आले आणि जवळिकीशी संबंधित ऑक्सिटोसिन वाढले. संदेशांतून बोललेल्या मुलींचे कॉर्टिसॉल आईशी संपर्कच न झालेल्या मुलींइतकेच वर राहिले. अभ्यास लहान होता आणि तो मुलींपुरता होता, तरी अतिदक्षता विभागाबाहेर शंभर संदेश येऊनही तुम्हाला एकटे का वाटले, हे समजून घ्यायला तो उपयोगी पडतो. तुम्ही कृतघ्न नव्हता. त्या रात्री कोणाचा आवाज कानावर पडला नव्हता.

दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की नोकरीसारखी नवी माहिती आपल्याला जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीच्यांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. अशा दूरच्या ओळखी जिवंत ठेवण्याचे काम समाजमाध्यमे उत्तम करतात. दुर्मीळ आजार असलेल्या माणसाला तोच आजार असलेली दुसरी व्यक्ती सापडते, ऐकू न येणाऱ्यांना लेखी आणि व्हिडिओ संवादाने मोठी मोकळीक मिळाली आहे, आणि बोलायला बुजणारी काही मुले आधी लिहून मोकळी होतात व मग बोलू लागतात. सरसकट निष्कर्ष काढताना जपावे, याचे उत्तम उदाहरण वर उल्लेखलेल्या क्राउट यांचेच आहे. इंटरनेटमुळे घरातला संवाद घटतो व एकाकीपणा वाढतो, असे त्यांनी १९९८ मध्ये मांडले. त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केल्यावर ते परिणाम बहुतांशी विरल्याचेही त्यांनीच २००२ मध्ये प्रसिद्ध केले.

इतरांना माझ्यापेक्षा जास्त मित्र आहेत, ही जी टोचणी तुम्ही जाता जाता लिहिली आहे, तिच्यावर फार विचार करू नका. ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत असतो, त्यामुळे बहुतेकांच्या मित्रांची सरासरी त्यांच्या स्वतःच्या संख्येपेक्षा जास्तच निघते. हे १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड यांनी सिद्ध केलेले गणित आहे, त्यात तुमचे न्यून काही नाही.

आता खाती बंद करण्याविषयी. २०१८ मध्ये अमेरिकेत हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी काही हजार लोकांपैकी निवडलेल्या काहींना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा मित्रांबरोबर व कुटुंबाबरोबर प्रत्यक्ष घालवलेला वेळ वाढला आणि समाधानही वाढले, पण थोडेसेच. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, दर माध्यमाला दिवसाला दहा मिनिटे एवढीच मुभा दिलेल्या गटाचा एकाकीपणा तीन आठवड्यांत कमी झालेला आढळला. म्हणजे वापर मर्यादेत आणणे बहुतेकांना पुरते. मी तुम्हाला खाती ठेवायला सांगेन, पण दोन गोष्टी बदलायला सांगेन. स्टेटस कोणी पाहिले ती यादी उघडायची नाही, आणि निळ्या टिका सेटिंगमधून बंद करायच्या. याने स्वभाव बदलत नाही, पण नसते पुरावे गोळा होणे थांबते. तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे: जवळच्या माणसाची एखादी बातमी पडद्यावर दिसली की लाइक न करता त्याला फोन करायचा किंवा त्याच्यापुरते दोन ओळींचे लिहायचे. लाइक केले की मनाला काम झाल्यासारखे वाटते, म्हणून ते आधी टाळायचे.

संकटाच्या वेळी सर्वांना कळवण्याआधी आपल्या चार-पाच जणांना स्वतः फोन करावा, आणि नेमके काय हवे ते सांगावे: ‘आज रात्री दोन तास माझ्याबरोबर बसशील का?’ स्टेटसवरच्या ‘प्रार्थना करा’ या शब्दांतून तुम्हाला सोबत हवी आहे हे कोणालाच उमगत नाही. आज ते चार-पाच कोण, हे सुचत नसेल तर ज्यांच्याशी शेवटचे निवांत बोलणे चांगले झाले होते अशी नावे कागदावर लिहा, मग ते बोलणे किती का जुने असेना.

राहिली मैत्रीण. तिला संदेश पाठवू नका, फोन करा. फार अवघडल्यासारखे होईल अशी भीती वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०२१ मध्ये जुन्या ओळखीच्यांना फोन करणाऱ्या आणि ईमेल पाठवणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा फोनवर अवघडलेपण येईल ही अपेक्षा खोटी ठरली आणि जवळीक मात्र अधिक वाटली. सुरुवातीलाच स्टेटसचा विषय काढू नका. आईची तब्येत सांगा, तिच्या घरचे विचारा, आणि ती जे सांगेल ते तुम्हाला पडद्यावरून आधीच ठाऊक असले तरी तिला पूर्ण सांगू द्या. बोलणे रुळले की मग म्हणा, ‘त्या रात्री मला तुझी फार आठवण झाली होती, तुला फोन करायला हवा होता.’ ‘तू का केला नाहीस’ यापेक्षा या वाक्याला उत्तर देणे तिला सोपे जाईल. तिने फोन उचलला नाही तर लगेच दुसरा करू नका. आठवडाभर थांबून पुन्हा एकदा करा, आणि तोवर तिचे ‘लास्ट सीन’ पाहू नका. दुसऱ्यांदाही उत्तर आले नाही तर एक छोटे पत्र लिहा, हाताने लिहिलेले असले तर उत्तम, आणि त्यात उत्तराची मागणी करू नका. त्यानंतर काय करायचे ते तिच्यावर सोडा आणि कागदावरच्या दुसऱ्या नावाला फोन लावा.